कामाला जाता-येता दिसणारे पाणपक्षी ओळखायचे कसे? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पाणपक्षी बघायला ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. मधोमध खाडी, काठाने तिवरांचा पट्टा, शहरात जागोजागी तलाव, नवी मुंबईत सिडकोने पावसाचं पाणी साठवायला आखलेले होल्डिंग पाँड आणि शिवाय उघडे नाले. दूध, भाजी, शाळेची बस, बँक, स्टेशन, कुठल्याही कामाला निघालात तरी वाटेत पाणी लागतंच. खरी अडचण वेगळीच आहे. पक्षी समोर जेमतेम अर्धा मिनिट असतो, हातात पिशवी असते, मागे रिक्षावाला हॉर्न देत असतो. घरी येऊन ॲप उघडलं की ‘पांढरा होता, चोच लांब होती’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. एवढ्या वर्णनात ठाणे खाडीतले निदान सहा पक्षी बसतात.

म्हणून इथे भर नावं पाठ करण्यावर नाही. त्या अर्ध्या मिनिटात काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि नंतर त्यावरून नावापर्यंत कसं पोचायचं, यावर आहे.

पहिली पायरी: दहा ओळखीचे पक्के करा

अनोळखी पक्षी नजरेत भरायला हवा असेल तर रोजचे पक्षी इतके सवयीचे हवेत की त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघावं लागू नये. या भागात पुढचे दहा पुरेसे आहेत: छोटा बगळा, गाय बगळा, वंचक, रातबगळा, छोटा पाणकावळा, पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, टिबुकली, शेकाट्या, तुतवार आणि पांढऱ्या छातीचा खंड्या. पंधरा दिवस फक्त एवढेच ओळखा, बाकीच्यांकडे सरळ काणाडोळा करा.

यातले काही लगेच जमतात. खंड्या विजेच्या तारेवर बसलेला असतो. लालभडक जाड चोच, चॉकलेटी डोकं, निळी पाठ, पांढरी छाती. त्याच्यात चूक होत नाही. शेकाट्या काळा-पांढरा, काडीसारख्या लांब गुलाबी पायांचा, आणि घाण नाल्यातही निवांत चरणारा. टिबुकली करवंटीएवढी, बिनशेपटीची. तलावात तरंगता तरंगता एकदम बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. छोटा पाणकावळाही बुडी मारतो, पण तो लांब शेपटीचा. पोहताना अंग जवळजवळ पाण्याखाली आणि वर फक्त मान-डोकं दिसतं. बाहेर आला की खांबावर पंख पसरून वाळवत बसतो.

वंचक मात्र नवख्याला हमखास चकवतो. बसलेला असताना मातकट, रेघारेघांचा आणि मान आखडलेला, नाल्याच्या काठावर दगडच वाटावा असा. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. बसलेला तपकिरी पक्षी आणि उडालेला पांढरा पक्षी अशा दोन पक्ष्यांची नोंद एकाच वंचकावरून होते. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची पाठ गडद तांबूस होते. तेव्हा ‘नवीन बगळा दिसला’ म्हणून फोटो फिरू लागतात.

पांढऱ्या छातीची पाणकोंबडी तलावाइतकीच सोसायटीच्या कुंपणालगत, गटाराच्या कडेला दिसते. वरून काळपट, तोंड-छाती पांढरी, शेपटीखाली विटकरी. शेपूट सतत झटकत चालते. पावसाळ्यात रात्रभर ‘क्वॉक-क्वॉक’ ओरडून झोपमोड करते. अनेकजण त्या आवाजाला बेडूक समजतात.

मापाची पट्टी

सेंटिमीटरमध्ये अंदाज कुणालाच येत नाही, त्यामुळे ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करा. चिमणी साधारण १५ सेंमी, साळुंकी २५, कबूतर ३३, कावळा ४२-४३, घार ६० च्या आसपास. ‘साळुंकीपेक्षा लहान’, ‘कावळ्याएवढा पण उंच पायांचा’ असं ठरवा. पाणपक्ष्यांच्या बाबतीत पाय आणि मान यांनी फसगत होते, म्हणून तुलना अंगाची करायची, उंचीची नाही. शेकाट्या उंच दिसतो, पण त्याचं धड कबुतराहून मोठं नसतं.

उघड्या चिखलावर एकटा पक्षी असला की माप हमखास चुकतं, कारण शेजारी काहीच नसतं. अशा वेळी तिथे एखादा कावळा किंवा छोटा बगळा येईपर्यंत थांबा. खाडीकाठी कावळ्यांची वाट फार वेळ बघावी लागत नाही.

अर्ध्या मिनिटाचा क्रम

मोबाइल काढायचा मोह आधी आवरा. खिशातून काढून, लॉक उघडून, कॅमेरा रोखेपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. तेवढ्यात पक्षी उडाला तर हाती ना फोटो, ना निरीक्षण. आधी डोळ्यांनी, या क्रमाने:

१. काय करतोय? पोहतोय, बुडी मारतोय, उथळ पाण्यात चालतोय, चिखलात चोच खुपसतोय, की एका जागी खिळलाय? यावरून अर्धे पक्षी बाद होतात. बगळा पोहत नाही. तुतवार बुडी मारत नाही.

२. माप. वर सांगितल्याप्रमाणे.

३. चोच. लांबी डोक्याच्या पटीत मोजा: डोक्याएवढी, दीडपट, दुप्पट, तिप्पट. मग वळण: सरळ, खाली वाकलेली की टोकाला वर उचललेली. मग जाडी. रंग शेवटी.

४. पाय. रंग आणि लांबी. पाण्यात उभा असेल तर गुडघ्याच्या वरचा भाग तरी दिसतोच. चिखल माखलेला असेल तर रंगाचं काही खरं नाही, तसं लिहून ठेवा.

५. तोंडावरच्या खुणा. डोळ्यावरून पट्टा, डोळ्याभोवती कडं, डोक्यावर टोपी किंवा तुरा.

६. उडताना. पंखांवर पांढरी पट्टी आहे का, कमरेवर पांढरं आहे का, पाय शेपटीच्या मागे किती बाहेर येतात. हे दोन सेकंदांत दिसतं आणि पुन्हा दिसेलच असं नाही. त्यामुळे पक्षी उडाला की मोबाइल सोडून त्याच्याकडेच बघायचं.

अंगाचा रंग या यादीत मुद्दामच नाही. संध्याकाळच्या उजेडात करडा पक्षी तपकिरी दिसतो, उन्हाकडे तोंड करून बघितलं तर सगळेच काळे. काठावरच्या काळ्या गाळात चरून आलेला पांढरा बगळाही खालच्या अंगाने राखाडी झालेला असतो. चोच आणि चाल सहसा बदलत नाहीत.

हे सगळं मोबाइलवर बोलून ठेवा, टाइप करत बसू नका. नमुना असा: ‘सकाळी सात चाळीस, होल्डिंग पाँडची कडा, ओहोटी. साळुंकीएवढा, वरून तपकिरी, खालून पांढरा. चोच डोक्याएवढी, सरळ. शेपूट सारखी वरखाली. खांद्यापुढे पांढरी पट्टी वर चढलेली. उडाला तो पाण्याला लागून, पंख ताठ, थरथरल्यासारखे.’ यात नाव कुठेच नाही, तरी तुतवारशिवाय दुसरा कुणी यात बसत नाही. छातीचा तपकिरी डाग आणि पंख यांच्या मध्ये घुसलेली ती पांढरी पाचर हीच त्याची खूण.

पांढरे बगळे: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

‘बगळा’ म्हणून सोडून दिलेल्या पक्ष्यांत चार-पाच जाती असतात. त्यांच्यासाठी वेळ देणं फायद्याचं आहे, कारण ते वर्षभर आणि अगदी जवळून दिसतात.

छोटा बगळा: चोच काळी, पाय काळे, पंजे पिवळे. पंजे बघण्यासाठी तो चालत असताना पाय उचलण्याची वाट बघायची किंवा उडताना बघायचं. उथळ पाण्यात पाय ढवळून मासे उठवतो, धावाधाव करतो.

गाय बगळा: अंगाने आखूड आणि गुबगुबीत, चोच पिवळी आणि आखूड. पाण्यापेक्षा गवत, उकिरडा आणि म्हशींच्या मागे जास्त. विणीच्या दिवसांत डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते, तेव्हा ओळखणं सोपं.

मोठा बगळा आणि मध्यम बगळा यांची गल्लत जुन्या पक्षीनिरीक्षकांचीही होते. दोघांची चोच एरवी पिवळी, पाय काळे. मान लांब, नागमोडी आणि मध्येच ठळक कोन केलेली असेल तर मोठा बगळा. पण खात्रीची खूण तोंडाच्या कडेला आहे: चोचीची फट, म्हणजे जिवणीची रेघ, डोळ्याच्या मागे जाते का बघा. गेली तर मोठा बगळा, डोळ्याखाली थांबली तर मध्यम. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही. चांगला फोटो किंवा दुर्बीण लागते. आणि एक लक्षात ठेवा, विणीच्या काळात दोघांचीही चोच काळी होते. त्यामुळे जून ते ऑगस्ट ‘काळी चोच म्हणजे छोटा बगळा’ हा नियम बाजूला ठेवा आणि अंगाच्या आकारावर जा. मोठा बगळा जवळजवळ राखी बगळ्याएवढा असतो.

आता खाडीची खासियत, समुद्र बगळा. हा दोन रंगांत येतो. गडद राखाडी, गळ्याशी पांढरा ठिपका असलेला दिसला तर प्रश्न नाही. त्या रंगाचा आणि त्या मापाचा दुसरा बगळा इथे नाही. पण त्याचाच पांढरा प्रकारही असतो आणि तो छोट्या बगळ्याशेजारी उभा असतो. तेव्हा चोच बघा: छोट्या बगळ्याहून जाड, बहुधा पिवळट-तपकिरी. मधल्याच रंगाचे, करड्या-पांढऱ्या ठिगळांचेही दिसतात. जमलं तर ठीक, नाहीतर ‘छोटा किंवा समुद्र बगळा’ असं लिहून पुढे जा. त्यात कमीपणा नाही.

चिखलातले तपकिरी पक्षी

ऑगस्टच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत खाडीच्या चिखलावर शेकड्यांनी दिसणारे हे पाहुणे उत्तरेकडून येतात. एकेका जातीच्या मागे लागाल तर वैताग येईल. पायांच्या रंगापासून सुरुवात करा.

पाय नारिंगी-लाल आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी: टिलवा. पाय हिरवट, अंग फिकट, चोच जाडसर आणि टोकाला किंचित वर: हिरव्या पायांची तुतारी. पाय पिवळट, पाठीवर पांढरे ठिपके, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई: ठिपकेवाली तुतारी. ही खाडीपेक्षा गोड्या डबक्यांत जास्त. शेकाट्याचे गुलाबी पाय तुम्हाला आधीच पाठ झालेत.

चोच खाली वाकलेली आणि डोक्याच्या जवळजवळ तिप्पट असेल तर कर्ल्यू. त्याहून आखूड आणि डोक्यावर गडद-फिकट पट्टे असतील तर व्हिम्ब्रेल. वर वळलेली बारीक चोच आणि काळं-पांढरं अंग म्हणजे उचाट्या.

चोच अगदीच आखूड आणि चाल धाव-थांब-टोच अशी असेल तर तो चिखल्यांपैकी. चोचीने सतत टोचत सलग पुढे सरकणारे, चिमणीएवढे, कळपाने असणारे स्टिंट वेगळे. चिखल्या आणि स्टिंट यांच्यातल्या जाती ओळखायची घाई पहिल्या हंगामात करू नका.

फ्लेमिंगो, बदकं आणि बाकीचे

फ्लेमिंगोंबद्दल फारसं सांगायची गरज नाही, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत ते सगळ्यांनाच दिसतात. त्यांच्यामुळेच ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फक्त एवढं बघा की थव्यात फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहिताच्या, दोन जाती असतात. लहान रोहिताची चोच लांबून पूर्ण गडद दिसते, मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं. थव्यात राखाडी-मातकट दिसतात ती पिल्लं, आजारी पक्षी नव्हेत.

बदकांमध्ये चोच आणि शेपूट पुरे. पसरट फावड्यासारखी चोच थापट्याची, लांब टोकदार शेपूट तलवार बदकाची, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके हळदीकुंकू बदकाचे. काळा, गोलमटोल, पांढरी चोच आणि पांढरं कपाळ असलेला पक्षी बदक नव्हे, तो वारकरी. शहरातल्या तलावांत पाळीव बदकं आणि हंसही सोडलेले असतात. तोंडावर लाल मांसल गाठी असलेलं मोठं पांढरं-काळं बदक दिसलं तर ते मस्कोव्ही, पाळीव. ‘दुर्मीळ स्थलांतरित’ म्हणून ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) यांत फरक सोपा: कुरव अंगाने भरलेला, पाण्यावर निवांत बसतो. सुरय सडपातळ, पंख टोकदार, हवेतून पाण्यावर सूर मारतो आणि पाण्यावर सहसा बसत नाही. कुरवांना गाठ्या-शेव टाकणारे खाडीकाठी भेटतात. तो त्यांचा आहार नाही, आणि खाण्यासाठी झालेल्या झुंबडीत तुम्हाला नीट निरीक्षणही करता येत नाही.

भरतीची वेळ: ही चुकली की सगळं चुकलं

‘काल इथे शेकडो पक्षी होते, आज एकही नाही’ ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण बहुतेक वेळा भरती. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी दूर खाडीच्या मध्यावर पांगतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे ढकलले जातात, आणि चिखल बुडाला की आतल्या पाणथळीत, होल्डिंग पाँडमध्ये आसरा घेतात. खाडीकाठच्या रस्त्यावरून बघायला सगळ्यात चांगला वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास. आतल्या तळ्यांसाठी ऐन भरती.

वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर ५ च्या पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास. दुसरी भरती त्यानंतर बारा तास पंचवीस मिनिटांनी. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासूनच मोजायचं. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा. त्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि वाशी-ऐरोलीच्या बाजूला, खाडीच्या आत, पाणी आणखी उशिरा चढतं. कॅलेंडर भिंतीवर असतंच. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघा. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे या आठवड्यात दूध आणायच्या वेळी भरती असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी ओहोटी असेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी नाइलाजाने काठावर, तळ्यात येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा बराच चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना आत यायची गरज पडत नाही. म्हणून भांगाच्या दिवसांत तळी ओस दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका.

होल्डिंग पाँडचं गणित थोडं निराळं. खाडीला भरती आली की शहरात पाणी शिरू नये म्हणून दारं मिटतात, पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. गाळ साचलेल्या पाँडमध्ये हिवाळ्यात उथळ पाणी आणि उघडा चिखल दोन्ही मिळतात. शेकाट्या, तुतारी, टिलवा यांना नेमकं तेच हवं असतं. तिवरांनी पूर्ण भरलेल्या पाँडमध्ये मात्र बगळे आणि रातबगळेच जास्त.

ऊन कुठून येतंय

नवी मुंबईच्या बाजूने खाडी पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पक्षी उजळून दिसतात. संध्याकाळी त्याच जागी सगळे काळे ठिपके. मुलुंड-भांडुपच्या बाजूला नेमकं उलट, तिथे दुपारनंतर बरं. वाशीच्या मिनी सीशोरला किंवा पाम बीच रोडलगतच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा सकाळी जाऊन बघावं, फरक लगेच कळतो.

रोजच्या वाटेवर कुठे नजर ठेवायची

ठाण्यात मासुंदा तलाव म्हणजे तलावपाळी, कचराळी आणि उपवन. तलावपाळीला गर्दी आणि होड्या असतात, तरी कडेच्या झाडांवर रातबगळे बसलेले असतात. दिवसा मान खुपसून झोपलेले, अंधार पडू लागला की ‘क्वाक’ करत उडतात. स्टेशनहून घरी परतताना आकाशातून येणारा तो आवाज ओळखीचा करून घ्या.

हार्बरच्या लोकलने मानखुर्द ते वाशी खाडी ओलांडताना, ज्या बाजूला वाहनांचे पूल नाहीत त्या बाजूची खिडकी धरा. भरती-ओहोटी कळायलाही हीच जागा चांगली: पुलाच्या खांबांवरची ओली रेघ पाण्याच्या किती वर आहे ते बघा. ठाणे-कळवा दरम्यानही खाडी लागते, पण गर्दीच्या वेळी दारात लटकून पक्षी बघू नका, हे सांगायला नको.

नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्यमागची पाणथळ नेहमीच्या फेरफटक्यात बसते. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून भरतीच्या वेळेनुसार बोटफेरी निघते. ती मात्र सुट्टीच्या दिवसाची गोष्ट. पाम बीच रोडवर आणि खाडीपुलांवर गाडी थांबवू नका. दंडाचं सोडा, मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक अपेक्षित नसतो.

नाल्यांना कमी लेखू नका. एमआयडीसीतले आणि स्टेशनामागचे नाले म्हणजे वास आणि कचरा, पण शेकाट्या, तुतवार, वंचक आणि हिवाळ्यात धोबी हे हमखास तिथे.

दुर्बीण आणि मोबाइल

पिशवीत रोज बाळगायची असेल तर ८×२५ किंवा ८×३२ दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ८×४२ जास्त उजळ दाखवते पण जड, ती घरीच राहते. १० पटीची घेतली की हात थरथरल्याचंही दहापट दिसतं.

मोबाइलने फोटो काढताना कठडा, खांब किंवा भाजीची पिशवी टेकायला घ्या. पूर्ण झूम करून एक फोटो काढण्यापेक्षा मध्यम झूमवर पाच काढा. पांढऱ्या बगळ्यासाठी स्क्रीनवर पक्ष्याला बोट लावून उजेड खाली ओढा, नाहीतर सगळा पांढरा ठिपका होतो आणि चोचीची रेघ गायब. एक फोटो मोठ्या चौकटीचा, शेजारचे पक्षी येतील असा. आणि चालणाऱ्या पक्ष्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा उपयोगी, कारण शेपूट हलवणं, धाव-थांब हे फोटोत येत नाही.

नाव कसं ठरवायचं

मर्लिन ॲप मोफत आहे. भारताचा पक्षीसंच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालतं. फोटो देताना तारीख आणि जागा बरोबर भरा. घरी बसून फोटो टाकताना बहुतेकजण हे विसरतात आणि मग ॲप भलत्याच प्रदेशातला पक्षी सुचवतं. पहिलं नाव लगेच मान्य करू नका. सुचवलेल्या पक्ष्याच्या दोन खुणा तुमच्या बोललेल्या नोंदीत आहेत का तपासा. मग तो पक्षी या महिन्यात इथे असतो का, हे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्ह्याच्या नोंदींत बघा. दोन्ही जुळलं तरच नाव लिहा. जुळलं नाही तर ‘तुतारी, जात ठरली नाही’ एवढीच नोंद करा. ईबर्डवर तशी सोय आहे, आणि खोट्या खात्रीपेक्षा ती नोंद जास्त कामाची.

खरंच वेगळा पक्षी निघाला तर जागा जाहीर करण्याआधी विचार करा. तो घरट्याजवळ असेल तर फोटोही टाकू नका. जून ते सप्टेंबर बगळे, रातबगळे, पाणकावळे वस्तीतल्या मोठ्या झाडांवर मिळून घरटी करतात. खालच्या गाड्यांवर विष्ठा पडते आणि मग फांद्या छाटायची मागणी होते. घरट्यात पिल्लं असताना छाटणी होऊ नये यासाठी सोसायटीच्या कमिटीला आधीच लेखी कळवा, छाटणी पावसाळा संपल्यावर ठेवता येते.

पंख लोंबकळणारा किंवा रस्त्यावर बसून राहिलेला पाणपक्षी दिसला तर पाणी पाजू नका, मासे भरवू नका. जाड कापड टाकून, चोच डोळ्यांपासून दूर ठेवून, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बगळा आणि रातबगळा थेट डोळ्यांवर चोच मारतात. एकट्याने उचलायला जाऊ नका, दुसरा माणूस येईपर्यंत फक्त कुत्री-मांजरं लांब ठेवा.